घाटमाथ्यावरील रानउंदरांचा जनुकीय अभ्यास : उंचीच्या टप्प्यांनुसार सर्वेक्षण कसे आखावे

डोंगराच्या पायथ्याशी, मधल्या उतारावर आणि माथ्यावर राहणारे एकाच जातीचे उंदीर जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून किती दुरावले आहेत, या प्रश्नासाठी सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे, वासोटा किल्ल्याचा माथा ११७० मीटरच्या आसपास आहे, कासचे पठार सुमारे १२०० मीटर तर महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, आणि कडा उतरून कोकणात गेल्यास पायथ्याची गावे थेट शे-दोनशे मीटरवर येतात. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर किंवा पीएच.डी. विद्यार्थ्याने असा अभ्यास हाती घेतल्यास आराखड्यापासून विश्लेषणापर्यंत काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे या लेखात मांडले आहे. लेखाचा सर्वाधिक भर आराखड्यावर आहे, कारण या प्रदेशात उंची कधीच एकटी बदलत नाही आणि जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर पुढे कितीही महागडे जनुकीय विश्लेषण केले तरी उत्तर संदिग्धच राहते.

उंचीबरोबर काय काय बदलते

पहिला सोबती म्हणजे पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण-खटावमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे कोकणकड्यापासून पूर्वेकडे सरकताना उंची, पाऊस आणि जंगलाचा प्रकार हे तिन्ही एकाच वेळी बदलत जातात. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे बुटके, दाट निमसदाहरित जंगल असते, तर खालच्या उतारांवर ऐन-किंजळीचे पानगळीचे रान असते. दुसरा सोबती म्हणजे अंतर, कारण दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक वाढतो तसे त्यांच्यामधील अंतरही बहुधा वाढते आणि केवळ अंतरामुळेच जनुकीय फरक निर्माण होऊ शकतो. तिसरा सोबती माणसाने निर्माण केलेला आहे : १९६० च्या दशकात कोयना धरणात पाणी साठू लागल्यापासून शिवसागरने कासकडील पूर्वेची डोंगरसोंड आणि वासोट्याकडील पश्चिमेची रांग यांमधली दरी पाण्याखाली घातली आहे.

हे धागे वेगळे करण्याचा मार्ग म्हणजे ठिकाणे जोडीने निवडणे. जलाशयाच्या पश्चिमेला मेट इंदवलीच्या काठापासून वासोट्यापर्यंत एक छेदरेषा (उतारावर खालून वर जाणारी, नमुने घेण्याची रेषा) घ्यावी आणि पूर्वेला बामणोलीपासून कासपर्यंत दुसरी घ्यावी. दोन्हींवर उंचीचे तेच तीन पट्टे ठेवावेत, उदाहरणार्थ ६६० ते ७५०, ८५० ते ९५० आणि १०५० मीटरच्या वर. शक्य असल्यास तिसरी छेदरेषा रत्नागिरी जिल्ह्यातील चोरवण्याकडून कड्याखालच्या उतारावर घ्यावी. येथे सर्वांत मोलाची तुलना खालच्या आणि वरच्या पट्ट्यांमधली नसून दोन वेगळ्या डोंगरसोंडांवरील एकाच उंचीच्या ठिकाणांमधली असते. समान उंचीच्या दोन ठिकाणांमधील जनुकीय फरक एकाच उतारावरील वर-खालच्या फरकाइतकाच निघाला, तर उंचीला कारण म्हणण्यास फारसा आधार उरत नाही. पावसाचा परिणाम उंचीपासून सोडवण्यासाठी महाबळेश्वर आणि पाचगणी ही जोडी उपयोगी पडते. दोन्ही ठिकाणे जवळजवळ सारख्या उंचीवर आहेत आणि त्यांच्यात वीसेक किलोमीटरच अंतर आहे, परंतु पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी आहे. सांगली जिल्ह्यातून काम करणाऱ्यांना चांदोलीचा शिराळा तालुक्याकडील भाग ओल्या बाजूसाठी आणि सागरेश्वरच्या टेकड्या कोरड्या बाजूसाठी घेता येतील. मात्र सागरेश्वर हे मुख्य रांगेपासून शेतजमिनीने तोडलेले बेट आहे, त्यामुळे तेथील वेगळेपणाचा अर्थ लावताना ही तुटकता ध्यानात ठेवावी.

एका गोष्टीची आधीच मनाशी तयारी असावी. काठापासून वासोट्याच्या माथ्यापर्यंतची चढण पाचशे मीटरची असली, तरी नकाशावरचे सरळ अंतर थोड्याच किलोमीटरचे आहे आणि मधले जंगल सलग आहे. उंदरांच्या काही पिढ्यांना हे अंतर ओलांडणे अवघड नाही, त्यामुळे सलग उतारावर फरक अगदी अल्प सापडणे हीच सामान्य अपेक्षा ठेवावी. फरक सापडला नाही म्हणजे प्रबंध फसला, अशी समजूत मार्गदर्शकांमध्येही दिसते आणि ती सोडून दिलेली बरी.

कोणती जात निवडावी

अभ्यासासाठी निवडलेली जात सर्व पट्ट्यांत आढळणारी आणि सापळ्यात पुरेशा संख्येने येणारी असावी. घाटमाथ्यावर याच जिल्ह्याचे नाव धारण करणारा रॅटस सातारी हा वन-उंदीर आहे. हिंटन यांनी १९१८ मध्ये सातारा जिल्ह्यातील घाटमाथ्यावरील नमुन्यांवरून त्याचे वर्णन काळ्या उंदराची उपजात म्हणून केले होते, परंतु पुढे शरीररचना आणि जनुकीय पुरावे या दोहोंच्या आधारे तो स्वतंत्र जात ठरला. तो मुख्यतः झाडांवर वावरतो आणि जंगलाशी बांधलेला आहे, म्हणून जंगलाच्या सलगतेचा प्रश्न त्याच्यावर विचारणे अर्थपूर्ण ठरते. अडचण अशी की घराघरांत आणि वस्तीलगतच्या रानात आढळणारा काळा उंदीर, म्हणजे रॅटस रॅटस, त्याच्याशी इतका मिळताजुळता दिसतो की केवळ शेपटीची लांबी किंवा पोटाचा पांढरा रंग पाहून केलेली ओळख विश्वासार्ह नसते. खालच्या पट्ट्यात वस्त्या अधिक असल्यामुळे काळा उंदीर अधिक येतो आणि वरच्या पट्ट्यात सातारी उंदीर अधिक येतो. दोघे एकाच नावाखाली नोंदवले गेले, तर विश्लेषणात उंचीनुसार अत्यंत सुबक फरक दिसतो आणि तो संपूर्णपणे खोटा असतो.

दुसरा पर्याय मस प्लॅटिथ्रिक्स या राठ केसांच्या छोट्या रानउंदराचा आहे. तो जमिनीवर बिळे करून राहतो आणि मोकळ्या, खडकाळ जागाही वापरतो, म्हणून पठारे आणि सडे यांच्या अभ्यासाला तो अधिक योग्य आहे. येथेही मस सॅक्सिकोलाशी गल्लत होण्याचा धोका आहे. शक्य असल्यास एक झाडावरची आणि एक जमिनीवरची अशा दोन जाती समांतर घ्याव्यात, कारण जंगल तुटले की दोघांची प्रतिक्रिया वेगळी असणे अपेक्षित आहे आणि ती तुलना एकेकट्या जातीच्या निष्कर्षापेक्षा अधिक सांगून जाते. शेकरू कृंतकवर्गीय, म्हणजे उंदरांसारखा कुरतडणारा प्राणी, असला आणि आपला राज्यप्राणी म्हणून सर्वांच्या आवडीचा असला, तरी त्याला सापळ्यात धरण्याच्या भानगडीत पडू नये.

परवानग्या

सामान्य उंदरांना कायद्याचे संरक्षण नाही, त्यामुळे परवानगी लागत नाही, असा एक जुना समज आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या जुन्या पाचव्या अनुसूचीत उंदीर उपद्रवी प्राणी म्हणून होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ती अनुसूचीच राहिली नाही. प्राण्याचा दर्जा काहीही असला तरी अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश करण्यास कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि हेच राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत, म्हणून प्रस्ताव व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयामार्फत नागपूरला जातो. या प्रक्रियेला महिने लागू शकतात हे धरूनच हंगाम ठरवावा. याशिवाय संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मान्यता घ्यावी आणि नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असल्यास जैवविविधता अधिनियम, २००२ खालील मंजुरी आधी मिळवावी.

सापळे आणि हंगाम

जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर सापळे लावणे प्राण्यांच्या आणि माणसांच्या दोघांच्याही दृष्टीने अयोग्य आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत काम करता येते. मात्र सर्व पट्ट्यांचे काम एकाच हंगामात आणि आलटून-पालटून करावे. पायथा नोव्हेंबरात आणि माथा एप्रिलमध्ये असा क्रम ठेवला, तर उंचीचा परिणाम आणि ऋतूचा परिणाम एकमेकांत मिसळतात, शिवाय भातकापणीच्या काळात शेताकडे वळलेले उंदीर खालच्या पट्ट्याचे चित्र बदलतात. परिसरातील कारवी त्या वर्षी फुलली होती का, याचीही नोंद ठेवावी, कारण ठरावीक वर्षांच्या अंतराने एकदम पडणारे तिचे बी हा खाद्याच्या उपलब्धतेतील मोठा बदल असतो.

पत्र्याचे घडीचे शर्मन सापळे आणि बाजारात मिळणारे तारेचे पिंजरे हे दोन्ही प्रकार मिसळून वापरावेत. शर्मन सापळ्यात लहान उंदीर चांगले येतात, तर मोठ्या शरीराचा वन-उंदीर पिंजऱ्यात अधिक सहजपणे शिरतो. दर दहा मीटरवर एक थांबा आणि प्रत्येक थांब्यावर दोन सापळे अशी रेषा आखावी. रॅटस सातारीसाठी त्यांपैकी एक सापळा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, फांदीला किंवा वेलाला घट्ट बांधून ठेवावा, कारण केवळ जमिनीवर लावलेल्या सापळ्यांत या जातीची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. आमिष म्हणून भाजलेले शेंगदाणे आणि सुके खोबरे यांचे मिश्रण पुरेसे असते. त्यात थोडी सुकट घातल्यास चिचुंद्र्याही येतात. चिचुंद्र्या कृंतक नाहीत आणि उपाशीपोटी काही तासांतच मरतात, म्हणून पहाटेच्या फेरीत त्यांना सर्वप्रथम सोडावे.

संख्येचा हिशेब आधी मांडून पाहावा. शंभर सापळे चार रात्री लावले म्हणजे ४०० सापळा-रात्री होतात. यश पाच टक्के धरले तर सर्व जाती मिळून वीस प्राणी हाती येतात आणि त्यांतील निवडलेल्या जातीचे कदाचित निम्मेच असतील. मायक्रोसॅटेलाइट पद्धतीसाठी (यात डीएनएमधील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी मोजतात) प्रत्येक ठिकाणाहून वीस ते तीस प्राणी हवेत, तर डीएनएमधील हजारो एकाक्षरी बदल वाचणाऱ्या नव्या पद्धतींसाठी आठ ते बारा प्राणीही चालतात. मनुष्यबळ मर्यादित असेल तर प्रत्येक ठिकाणाहून थोडे प्राणी घेऊन ठिकाणांची संख्या वाढवणे अधिक हितावह आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सापळे सूर्यास्तापूर्वी लावावेत, उजाडताच तपासावेत आणि दिवसा बंद ठेवावेत. थंडीत माथ्यावरील पत्र्याचे सापळे रात्री बर्फासारखे गार होतात, म्हणून आत न पिंजलेला कापूस किंवा कोरडे गवत घालावे आणि सापळ्यावर पालापाचोळा ठेवावा. मुंग्या हा सर्वांत दुर्लक्षित शत्रू आहे. वारुळाच्या किंवा मुंग्यांच्या वाटेच्या जवळ लावलेल्या सापळ्यातील प्राणी सकाळपर्यंत जिवंत राहत नाही. दार बंद असलेल्या सापळ्यात साप असू शकतो, त्यामुळे तो आधी हलवून वजन जोखावे आणि मगच पारदर्शक पिशवीत रिकामा करावा. गव्यांच्या पायवाटांवर रेषा आखू नये आणि पहाटेची फेरी वनमजुराशिवाय करू नये.

मोजमाप आणि ऊतक

प्रत्येक प्राण्याचे वजन, डोके-धड, शेपूट, मागील पाऊल आणि कान यांची मापे, लिंग आणि वयाची अवस्था नोंदवून छायाचित्र घ्यावे. जनुकीय नमुन्यासाठी कानाच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा पुरेसा असतो आणि त्यासाठी प्राणी मारण्याची गरज नसते. तो कापल्याची खूण पुन्हा सापडलेला प्राणी ओळखायलाही उपयोगी पडते. प्रत्येक प्राण्यानंतर कात्री स्पिरिटने पुसून ज्योतीवर धरावी, कारण एका प्राण्याचे रक्त दुसऱ्याच्या नळीत गेले तर पुढे संमिश्र वंशाचे भासणारे प्राणी कागदावरच जन्माला येतात. तुकडा ९५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये ठेवावा. शुद्ध इथेनॉल मिळवण्यास उत्पादन शुल्क खात्याची कागदपत्रे लागतात, म्हणून अनेक जण मिठाने संपृक्त केलेले डीएमएसओ-ईडीटीए द्रावण वापरतात आणि ते सामान्य तापमानातही चांगले टिकते. नळीवरची शाई इथेनॉलने धुऊन जाते, त्यामुळे शिसपेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी नळीच्या आत टाकावी.

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस आणि अंगावरील माइटच्या अळ्यांतून स्क्रब टायफस पसरतो. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात माकडतापही आढळतो. हातमोजे, एन-९५ मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि काम संपल्यावर सापळे ब्लीचच्या पाण्याने धुणे ही किमान शिस्त पाळावी. जंगलातून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना उंदीर हाताळल्याचे स्वतःहून सांगावे.

उंचीची नोंद हातातील जीपीएसवर सोडू नये. दाट झाडीत आणि कड्याजवळ त्याची उभी चूक बरीच मोठी असते. अक्षांश-रेखांश जीपीएसवरून घ्यावेत आणि उंची तीस मीटरच्या चौकटींत उंची देणाऱ्या उपग्रहीय नकाशावरून काढावी.

प्रयोगशाळेत

पहिले काम जातीच्या निश्चितीचे असते. प्रत्येक प्राण्याचा, केवळ निवडक प्राण्यांचा नव्हे, मायटोकाँड्रियातील सायटोक्रोम-बी जनुक वाचावा. उंदरांमध्ये हा जनुक ११४० ते ११४४ अक्षरांचा असतो. मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे जुने तुकडे केंद्रकातील डीएनएमध्येही जाऊन बसलेले असतात आणि ते चुकून वाचले जाऊ शकतात, म्हणून अनुक्रमात मध्येच थांबा-संकेत (प्रथिनाची बांधणी तेथेच थांबवणारी अक्षरे) येतो का, हे तपासावे. मायटोकाँड्रिया केवळ आईकडून येत असल्यामुळे संकर झालेला असल्यास एकट्या या जनुकावर भिस्त ठेवता येत नाही आणि केंद्रकातील खुणांनी त्याची खातरजमा करावी लागते.

त्यानंतर मुख्य संच तयार करावा. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने डीडीरॅड (जनुकसंचाचे ठरावीक तुकडेच वाचणारी पद्धत) किंवा कमी खोलीचे, म्हणजे प्रत्येक जागा मोजक्याच वेळा वाचणारे, संपूर्ण जनुकसंच-वाचन निवडावे. काळ्या उंदराचा संदर्भ जनुकसंच उपलब्ध असल्यामुळे रॅटस प्रजातीचे वाचन जुळवणे सोपे झाले आहे. येथे एक सूचना इतर सर्व सूचनांपेक्षा अधिक जोर देऊन सांगावीशी वाटते. प्रयोगशाळेत एकत्र वाचल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीत सर्व छेदरेषांचे आणि सर्व पट्ट्यांचे नमुने सरमिसळ करून ठेवावेत आणि काही नमुने मुद्दाम दोन तुकड्यांत पुन्हा वाचावेत. सोयीसाठी कासचे नमुने एका खेपेत आणि वासोट्याचे दुसऱ्या खेपेत पाठवले, तर रसायनांतील आणि यंत्रातील बारीक फरक जलाशयाने केलेला फरक म्हणून समोर येतो आणि तो नंतर कोणत्याही सांख्यिकी युक्तीने काढता येत नाही.

विश्लेषणाचा क्रम

निकृष्ट नमुने गाळल्यावर प्रथम आप्तसंबंध तपासावेत. एकाच रेषेवर पकडलेली भावंडे स्वतंत्र नमुने धरल्यास त्या ठिकाणाचे वेगळेपण फुगते. तथापि सर्व आप्त सरसकट वगळणेही योग्य नाही, कारण लहान समूहात नात्याचे प्राणी अधिक असणे हीच खरी जैविक माहिती असू शकते. विश्लेषण दोन्ही प्रकारे करून फरक पाहावा. पुढे प्रत्येक ठिकाणी हार्डी-वाइनबर्ग समतोल, म्हणजे प्राणी आपसात मुक्तपणे प्रजनन करत असल्यास अपेक्षित असलेले जनुकरूपांचे प्रमाण, तपासावा. विषमयुग्मजी (आई आणि वडील यांच्याकडून जनुकाची वेगवेगळी रूपे मिळालेले) प्राणी डीएनएमधील अनेक खुणांवर अपेक्षेपेक्षा कमी दिसले, तर त्या नावाखाली दोन जाती किंवा दोन समूह मिसळले असल्याची शंका आधी घ्यावी.

ठिकाणांमधील वेगळेपणाचे प्रचलित माप एफएसटी (शून्य म्हणजे फरक नाही, एक म्हणजे पूर्ण वेगळेपण) आहे आणि ते वायर व कॉकरहॅम यांच्या १९८४ च्या पद्धतीने विश्वास-अंतरालासह, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेच्या मर्यादांसह, काढावे. या आकड्यावरून दर पिढीला किती प्राणी ये-जा करतात, याचे गणित मांडण्याचा मोह होतो, परंतु ते गणित समूह दीर्घकाळ स्थिर आहेत असे गृहीत धरते. शिवसागरचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. जलाशयाला साठहून अधिक वर्षे झाली आणि वर्षाला दोन ते तीन पिढ्या धरल्यास सुमारे दीडशे पिढ्या उलटल्या आहेत. पाण्याने ये-जा पूर्ण थांबवली असेल आणि प्रत्येक बाजूचा परिणामकारक समूह (प्रजननात खरोखर वाटा असणारे प्राणी) ५०० प्राण्यांचा असेल, तर आजवर एफएसटी सुमारे ०.१४ पर्यंत पोहोचायला हवे. तोच समूह ५००० चा असेल तर ते जेमतेम ०.०१५ होते. म्हणजे संपूर्ण अडथळा असूनही आकडा नगण्य दिसू शकतो, आणि लहान आकडा पाहून ‘उंदीर पाणी ओलांडतात’ असे लिहिणे घाईचे ठरते. याच तर्काने माथ्यावरील एखाद्या लहान, तुटक समूहाचे एफएसटी मोठे आले, तर त्याचे कारण ये-जा कमी असणे हे नसून तेथील प्राण्यांची संख्याच कमी असल्याने वाढलेले यादृच्छिक विचलन, म्हणजे जनुकांच्या प्रमाणात पिढ्यानुपिढ्या केवळ योगायोगाने होणारा बदल, असू शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणाचे जनुकीय वैविध्य त्या आकड्याशेजारीच द्यावे.

समूह ओळखण्यासाठी प्रधान घटक विश्लेषण (अनेक खुणांतील फरक मोजक्या अक्षांवर मांडणारी पद्धत) आणि प्रत्येक प्राण्यात कोणत्या समूहाचा किती वाटा आहे हे रंगीत पट्ट्यांत दाखवणाऱ्या स्ट्रक्चर किंवा ॲडमिक्श्चर या आज्ञावल्या वापरतात. फरक अंतरानुसार हळूहळू वाढत असेल, तर या आज्ञावल्या त्या सलग उताराचे कृत्रिम तुकडे पाडून दाखवतात आणि विशेषतः मधल्या पट्ट्यातून नमुने घेतले नसतील तर हा भास पक्का होतो. त्यामुळे आधी अंतर आणि जनुकीय फरक यांचा संबंध तपासावा आणि मगच रंगीत पट्ट्यांच्या आकृत्यांकडे वळावे. अखेरीस जनुकीय अंतर हे फलित धरून भौगोलिक अंतर, उंचीतील फरक, पावसातील फरक आणि मध्ये जलाशय आहे की नाही, या चारही घटकांचे एकत्रित बहुचल विश्लेषण करावे. या घटकांचा आपसातील सहसंबंध ०.७ च्या वर असेल तर त्यांचे परिणाम वेगळे केल्याचा दावा करू नये. जोड्यांचा आराखडा नीट साधला असेल तर ही वेळ येत नाही.

उंचीशी जुळवून घेणारी जनुके शोधण्याची हौस अनेकांना असते. अमेरिकेतील रॉकी पर्वतातल्या हरणउंदरांमध्ये विरळ हवेला अनुकूल हिमोग्लोबिन आढळले आहे, परंतु ते समूह चार हजार मीटरच्या वरही राहतात. आपल्याकडे १४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्केच कमी असतो, त्यामुळे येथे प्राणवायूच्या कमतरतेशी संबंधित जनुकांमागे लागण्यात फारसे स्वारस्य नाही. येथे निवडीचा दाब असलाच तर तो चार महिने भिजणाऱ्या बिळांचा, माथ्यावर सहा-सात अंशांनी कमी असणाऱ्या तापमानाचा आणि खाद्याच्या ऋतुचक्राचा असण्याची शक्यता अधिक आहे. अशा शोधासाठी किमान दोन स्वतंत्र छेदरेषांवर तीच जनुके पुन्हा वर यावीत, ही अट स्वतःवर घालून घ्यावी.

प्रत्येक जातीचे काही मोजके नमुने, परवानगीत तशी तरतूद करून, पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात जमा करावेत आणि त्यांचे क्रमांक अनुक्रमांच्या सार्वजनिक नोंदींना जोडावेत. वनविभागाला द्यायचा अहवाल मराठीत लिहावा, त्यात प्रत्येक रेषेचे अक्षांश-रेखांश आणि सापळा-रात्रींची संख्या द्यावी, तसेच एकही प्राणी न मिळालेल्या रेषाही वगळू नयेत, कारण पुढच्या हंगामात तेथेच काम करणाऱ्याला सापळे कोठे लावू नयेत हे त्यांवरूनच कळते.